आधी मोडायचं कसं ते ठरवा

पानाबाई हे तिचं खरं नाव नव्हे. कमरेच्या पट्ट्याला नट सोडवायचा पाना सदानकदा लटकलेला, म्हणून नाट्यगृहातल्या कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की नवराही घरी तीच हाक मारू लागला. खरं नाव विचारणाऱ्याला ती म्हणे, "एवढ्यावर भागतंय ना तुमचं? मग झालं."

तिचं काम नेपथ्य उभं करण्याचं. नाटकातला दिवाणखाना, कोर्ट, कोठडी, बोटीचा डेक, जे काय लागेल ते. नव्या नाटकाचं चित्र टेबलावर आलं की कुठलाही सुतार विचारेल, हे उभं कसं करायचं? पानाबाई चष्मा कपाळावर चढवून विचारायची, "हे मोडायचं कसं?" आणि याचं उत्तर सापडेपर्यंत करवतीला हात लावत नसे. नवे लोक चक्रावत. दिग्दर्शकांचे चेहरे तर असे होत, जणू नाटक पडणार म्हणून कोणी आधीच सांगून टाकलंय. पण तिचं म्हणणं सरळ होतं. नाटक आज ना उद्या संपणार. संपल्यावर ज्याच्या फळ्या धड हातात येत नाहीत, ते काम नव्हे, ते सरपण.

हे तिला कुठल्या संस्थेत कोणी शिकवलं नव्हतं. बाप सेंट्रिंगवाला. इमारतीचा स्लॅब ओतायच्या आधी खालून लाकडाचा साचा बांधतात ना, तो बांधणारा. काँक्रीट सुकलं की साचा उतरवायचा आणि वरच्या मजल्याला न्यायचा. इमारतीला लोक नाव देतात, रंग देतात, पुढ्यात उभे राहून फोटो काढतात. बापाचं काम मात्र तिथे उरत नसे, आणि उरलं नाही तरच ते नीट झालं म्हणायचं. उतरवताना एखादी फळी फाटली तर तो दिवसभर घुम्यासारखा बसे. पोरगी त्याच्यासोबत साइटवर जाई आणि वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करी. घरची खाट, टेबल, मांडणी, सगळंच सुटणारं. एक साइट संपली की घर खोलून टेम्पोत भरायचं आणि दुसरीकडे जोडायचं. एका जागी राहणं म्हणजे काय चीज असते, हे तिला थेट लग्नानंतर कळलं.

नवरा बसच्या इंजिनांचा मेकॅनिक. आधीच कमी बोलणारा, पण एक विनोद त्याने आयुष्यभर पुरवला. "आपलं लग्नसुद्धा हिने बोल्टवरच केलंय," तो पाहुण्यांना सांगायचा. "वाटेल तेव्हा सोडवता येईल."

"गंज चढलाय त्या बोल्टला," ती आतून ओरडायची. "नाहीतर केव्हाच सोडवला असता."

तिला नाट्यगृहात नेलं ते नवऱ्याच्या धाकट्या बहिणीने. ही नणंद रंगारीण. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता नाटकाचे पडदे रंगवायला लागलेली. लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहायची, आणि भावजयीला उत्तर द्यायची एकही संधी सोडायची नाही. आधीचा सुतार दिग्दर्शकाशी भांडून, हत्यारं उचलून, ऐन प्रयोगाच्या सकाळी चालता झाला होता. "वहिनी, फक्त आजच्या दिवस चल," असं नणंद म्हणाली होती. त्या 'आज'चे केस आता पांढरे झाले.

रंगमंचाच्या मागे कार्यशाळा, आणि कार्यशाळेच्या मागे गोदाम. गोदाम म्हणजे पानाबाईचं सासर, माहेर, सगळं. कड्या, कठडे, खांब, खिडक्या, कमानी आणि दारं. दारं तर इतकी की एवढी घरं त्या गल्लीत नव्हती. एक जाड दुहेरी दार कधी तुरुंगाचं होतं, कधी राजवाड्याचं, कधी इस्पितळाचं. मध्ये एकदा आडवं पडून मेजवानीचं टेबलही झालं. दर वेळी नणंद त्याला नवं कातडं चढवायची: गंज, सोनं, फिनेलने पुसलेला पांढरा. "दाराला स्वतःला ठाऊक नसतं ते कशाचं आहे," ती म्हणायची. "आपण सांगू ते."

"तुम्ही सांगता म्हणून मला खरवडावं लागतं, वन्सं. जरा पातळ लावत जा."

"पातळ लावला तर मागच्या रांगेतल्याला तुझं लाकूड दिसेल, वहिनी. आणि ते बघवत नाही."

हल्ली या प्रकाराला चक्राकार अर्थव्यवस्था असं भारदस्त नाव मिळालंय. त्यावर चर्चासत्रं होतात, चर्चासत्रासाठी नवेकोरे फलक छापले जातात आणि संध्याकाळी ते फलक कचऱ्यात जातात. असंच एक चर्चासत्र नाट्यगृहाच्या दालनात झालं. फलक गेले, खुर्च्या उचलल्या, आणि दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकाने पानाबाईला बोलावून सांगितलं की गोदाम रिकामं करायचं आहे.

व्यवस्थापक नवा होता, दुष्ट नव्हता. त्याला गोष्टी सुटसुटीत लागायच्या. "तिथे कॉफीचं दुकान होणार, बाई. लोकांना मध्यंतरात बसायला जागा हवी. आणि हे सामान ठेवायचं कशाला? दर नाटकाला प्लायवूड आणायचं, रंगवायचं, संपलं की ट्रकमध्ये. सगळीकडे असंच चालतं."

"साहेब, त्या खोलीत नुसतं लाकूड नाही. नाटकं ठेवलीत मी तिथे."

"नाटकं रंगमंचावर असतात. त्या खोलीत झुरळं असतात."

झुरळं होती, हे खरंच होतं. मग तिने खुर्ची ओढली, बस म्हटलेलं नसताना बसली, आणि म्हणाली, "तुमची अडचण काय ते सरळ सांगा. जागा, की माझं काम?"

व्यवस्थापकानेही सरळ सांगितलं. "काम. लोक म्हणतात, तेच दार, तोच खांब. जुनाट दिसतं. गरिबी दिसते."

हे तिला झोंबलं. जुनं म्हणजे गरिबी, हा हिशेब तिने आयुष्यात मानला नव्हता. "या मोसमाचं मोठं नाटक कुठलं? दोन भावांच्या घराचं ना? ते मला द्या. सगळं गोदामातल्या मालातून करते. जुनं दिसलं तर ट्रक मीच भरून देते."

व्यवस्थापक हसला. "एक सांधा दिसला, एक बोल्ट चमकला, तरी?"

"तरी."

"नेपथ्य बाहेरच्या बाई करतायत. त्यांना नवंकोरं वाटलं पाहिजे. तुम्हाला नव्हे."

"ठरलं."

घरी आल्यावर नणंदेने डोक्याला हात लावला. "वहिनी, एक तरी सांधा दिसत नाही असं काही बनवलंयस का कधी? तुझं अख्खं काम म्हणजे सांधे! गोदाम गेलं तर आपण दोघींनी काय कॉफी गाळायची?"

"तुम्ही गाळा. तुमची कॉफी पिऊन लोक परत येणार नाहीत, मग जागा मला मिळेल."

नेपथ्यकार आली ती तिशीतली, नाकीडोळी तरतरीत, हातात कागदाची गुंडाळी आणि तोंडात एकच शब्द: जिना. घरात एक जिना हवा, वर अरुंद, खाली पसरत येणारा, अख्ख्या घराण्याचा तोरा त्यात दिसला पाहिजे. आणि तो एकसंध दिसला पाहिजे, एकाच प्रचंड लाकडातून कोरून काढल्यासारखा. चित्र सुरेख होतं. पानाबाईने ते बराच वेळ बघितलं आणि सवयीने विचारलं, "हा मोडायचा कसा?"

"मोडायचा कशाला, मावशी?" नेपथ्यकार म्हणाली. "अजून बांधलाही नाही."

आणि इथे पानाबाईने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. ती पुढे बोललीच नाही. सांधा दिसता कामा नये, बोल्ट चमकता कामा नये, ठीक. तिने गोदामातून जुन्या कोर्टाचे कठडे काढले, बोटीच्या डेकच्या फळ्या काढल्या, रंधा मारला, आणि सगळा जिना सरसाने चिकटवून टाकला. खाचेत खाच, पायरीला पायरी, दोन दिवस शिकंज्यात आवळून. रंगमंचावर तेव्हा दुसऱ्या मंडळींचे प्रयोग होते, म्हणून जिना कार्यशाळेतच उभा राहिला. नणंदेने पुट्टी भरून त्यावर असा काही रंग चढवला की लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत पाण्यासारख्या वाहत आल्या. नेपथ्यकाराने त्यावर तळहात फिरवला. व्यवस्थापकही येऊन बघून गेला आणि तोंडात मारल्यासारखा परत गेला.

"बघ," नणंद म्हणाली. "जिंकलीस."

पानाबाई शिकंजे गोळा करायला लागली. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "सुटलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच सुटत नाहीये."

प्रयोग चार दिवसांवर आला तेव्हा रंगमंच मोकळा झाला. हमाल आले, जिना उचलला, आणि कार्यशाळेच्या दारात घोडं अडलं. जिना दारापेक्षा रुंद होता.

सरळ लावून बघितला. तिरका करून बघितला. कुशीवर पाडून बघितला. मग वरचा कठडा चौकटीला भिडला. हमालांचा मुकादम घाम पुसत म्हणाला, "बाई, दाराचं माप नव्हतं का घेतलं?"

नव्हतं घेतलं. इतक्या वर्षांत एकदाही नव्हतं घेतलं. तिची किल्ल्यातली भिंतसुद्धा फळी फळी होऊन त्या दारातून गेली होती. अख्खी वस्तू कधी गेलीच नाही, तर दाराचं माप लागतं कोणाला? शिकाऊ सुतारही आधी दार मोजतो. ही चूक करायला पानाबाईच हवी होती.

नणंद मटकन स्टुलावर बसली. व्यवस्थापकाला कोणीतरी बोलावून आणलं. त्याने जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि दयेनेच म्हणाला, "बाई, मी प्लायवूडवाल्याला फोन करतो. तो दोन दिवसांत साधासा करून देईल. आणि गोदामाचं मग... आपण म्हटलं होतं तसं."

"फोन खिशात ठेवा," पानाबाई म्हणाली. बाह्या सरसावल्या. "मूर्खपणा माझा आहे. दार काही रुंद होणार नाही. जिना कापते."

"अहो मावशी, नाही!" नेपथ्यकार जिन्याच्या आणि करवतीच्या मध्ये येऊन उभी राहिली. "सांधा दिसेल! एकसंधपणा हाच तर त्याचा—"

"एकसंध आहे आणि इथे कार्यशाळेत आहे. प्रेक्षकांना इथे बसवणारेस का? आणि मावशी म्हणू नकोस, तुझ्या आईला मी ओळखत नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. बाजूला हो."

ती बाजूला झाली नाही. पण भांडलीही नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तिने कागद उलगडले आणि नाटकाची पानं उलटायला लागली. पानाबाईने खडूने आडवी रेघ मारली: खालचा पसरट भाग वेगळा, वरचा वेगळा. आतून लोखंडी पट्ट्या, बोल्ट, वरून पुट्टी. सांधा झाकेल, नीट बघणाऱ्याला दिसेल, व्यवस्थापक नीट बघेल. तिला सगळं कळत होतं, तरी हात थांबत नव्हता.

"उभा कापता येईल?" नेपथ्यकार अचानक म्हणाली.

"काय?"

"आडवा नको. वरपासून खालपर्यंत. मधोमध. तिसऱ्या अंकात भाऊ घर वाटून घेतात ना? नुसतं बोलतात ते. वाटणी झाली, वाटणी झाली. आणि मागे जिना एकसंध उभा. मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण काय खटकतंय ते कळत नव्हतं." ती उठून उभी राहिली. "तो दुभंगला पाहिजे. सगळ्यांसमोर. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आणि मधून आतलं लाकूड दिसलं पाहिजे."

पानाबाईने खडूची रेघ बाहीने पुसली आणि मगच म्हणाली, "होणार नाही."

"का?"

"अर्धा जिना म्हणजे एका पायाचा माणूस. बाहेरच्या बाजूला आधार आहे, मध्ये काय? हवा. नट चढला की खाली येईल. मधून दोन तिरक्या तुळया लागतील, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अखंड. एवढं लांब, एवढं सुकलेलं लाकूड चार दिवसांत कुठला वखारवाला देणार? ओलं देईल. ओलं पिळतं."

बोलता बोलताच ती थांबली. नणंदही स्टुलावरून उठली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाल्या, "डोलकाठ्या!"

बोटीच्या नाटकाच्या दोन डोलकाठ्या गोदामात वर आडव्या टांगलेल्या होत्या. बोटीच्या आधी त्या फाशीच्या मचाणाच्या तुळया, त्याच्याही आधी पुलाच्या. कित्येक वर्षं सुकलेल्या, हाडासारख्या. त्यांवर झुरळं निघाली आणि व्यवस्थापक दोन पावलं मागे सरला; त्याचा तेवढा मुद्दा मान्य करायला हवा.

पुढचे दिवस कामाचे होते आणि कामाबद्दल फार सांगण्यात अर्थ नाही. जिना कापताना करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा नणंदेने कानावर हात ठेवले. रंग तिचा होता. पानाबाईने प्रत्येक तुळई बोल्टने बसवली. एक थेंब सरस नाही. खाली चाकं लावायला नवरा डेपोतून सुटी काढून आला, पोटावर सरपटत जिन्याखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "पानाबाई, हा बोल्ट तरी सुटणारा आहे ना?"

"तू आत असेपर्यंत नाही."

नेपथ्यकार शेजारी बसून वॉशर चढवत होती. तिची नखं काळी झाली. कापलेल्या बाजूंना रंग द्यायचा की नाही यावरून तिचं आणि नणंदेचं कडाक्याचं भांडण झालं. नणंद म्हणे, कच्चं लाकूड रंगमंचावर म्हणजे माणूस अर्धवट कपड्यांत. नेपथ्यकार म्हणे, तेच हवंय. शेवटी पानाबाईने निकाल दिला की बाहेरून रंग वन्संचा, आतून लाकूड माझ्या बापाच्या साच्यासारखं उघडं, आणि आता दोघींनी तोंडं बंद ठेवावीत. दोन्ही अर्धुकं दारातून गेली तेव्हा दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती. मुकादमाने टाळ्या वाजवल्या. ती त्याच्यावर खेकसली.

पहिल्या प्रयोगाला पानाबाई विंगेत उभी होती. व्यवस्थापक पहिल्या रांगेत. दोन अंक जिना एकसंध राहिला. मधली फट नणंदेच्या रेषांत अशी मिसळली होती की शोधून सापडू नये. तिसऱ्या अंकात थोरला भाऊ म्हणाला, "वरचं तुझं, खालचं माझं," आणि धाकटा म्हणाला, "नाही. सगळंच अर्धं." तेवढ्यात आतून एक कर्र असा आवाज आला. तो कोणी ठरवलेला नव्हता. जुन्या तुळईने स्वतःहून दिला. आणि जिना फाटत गेला. घराण्याचा सगळा तोरा मधून उघडा पडला: कच्चं, पिवळं लाकूड, जुन्या भोकांच्या खुणा, कधीकाळच्या पुलाचा, मचाणाचा, बोटीचा उरलेला रंग. बोल्ट तर दिव्यात चमचम चमकत होते. मागे कुठेतरी एका बाईने मोठ्याने "अगं आई" म्हटलं, आणि ती नाटकातली नव्हती.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक मागे आला. पानाबाई हात पुसत उभी राहिली.

"अट मोडलीत," तो म्हणाला.

"मोडली. सांधा दिसला, बोल्ट दिसले, जुनंही दिसलं. सरस लावून तुम्हाला नवंकोरं दाखवायला गेले, तिथेच माझं डोकं फिरलं होतं. ते परत होणार नाही. मला गोदाम द्यायचं तर या अशा कामासाठी द्या. नसेल द्यायचं तर उद्या ट्रक बोलवा, मी भरते. पण झाकपाक करून जागा राखणार नाही."

नेपथ्यकार मध्ये काही बोलणार होती. पानाबाईने तिला हातानेच थांबवलं. हा प्रश्न तिचा होता.

व्यवस्थापकाने अर्ध्या जिन्याच्या उघड्या बाजूवर बोट फिरवलं. "हे आत जे दिसलं, ते प्लायवूडमध्ये झालं असतं का?"

"प्लायवूडच्या आत काय असतं? अजून प्लायवूड."

तो हसला नाही. बोटाला लागलेला भुसा झटकला आणि म्हणाला, "कॉफीचं व्हरांड्यात बघतो. पण झुरळांचं काहीतरी करा, बाई. हात जोडतो."

मोसम संपला. नेपथ्यकाराचं पुढचं काम विहिरीचं आहे, आणि ती आता चित्र काढायच्या आधी गोदामात येऊन बसते, काय काय आहे ते चाचपते आणि पानाबाईशी भांडते. तिला तो जिना उलटा करून विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्या हव्या आहेत. पानाबाईला त्या पायऱ्या सुट्या हव्या आहेत. पण त्या सरसाने चिकटलेल्या. म्हणून ती रोज काम सुरू व्हायच्या आधी तासभर अर्ध्या जिन्यापाशी बसते. फडकं उकळत्या पाण्यात बुडवायचं, सांध्यावर ठेवायचं, सरस मऊ पडायची वाट बघायची, पातळ पटाशी सरकवायची, आणि फळी फाटू न देता एकेक खाच सोडवायची. बोटं भाजतात. एखादी पायरी तीन-तीन दिवस दाद देत नाही. मदतीला कोणी आलं तर ती हाकलून देते. ज्याने चिकटवलं त्याने सोडवायचं.

परवा नणंद चहा घेऊन आली आणि बराच वेळ बघत राहिली. "वहिनी, जाऊ दे ना आता. किती दिवस? चांगला मजबूत जिना आहे, तसाच ठेव की."

"तसाच ठेवला, वन्सं," पानाबाई पटाशीवरची नजर न काढता म्हणाली, "तर जन्मभर तो जिनाच राहील."